फोटो कोणाचा?

गेल्या डिसेंबरात आमच्या ऑफिसात नव्या वर्षाची कॅलेंडरं आली. ती वाटण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे गुंडाळी सोडून आधी मीच चाळतो. एका कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान उलटलं आणि हात थांबला. मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगभर राख, हातात दांडका... फोटो माझा! म्हणजे मी काढलेला. कधीकाळी हौसेने फेसबुकवर टाकला होता, तिथून कुणीतरी उचललेला. खाली माझं नाव नव्हतंच. ओळ मात्र होती : 'आदिवासी नृत्य, बस्तर'.

मंडळी, तो फोटो बस्तरचा नाही. तो आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याजवळचा आहे.

आता पणजीच्या कारकुनाचं इचोड्यात काय काम? तर आमचे भाऊजी बँकेत, त्यांची बदली तिकडे झाली होती. "एक दिवाळी तरी इथे ये," असा ताईने धोशा लावला होता. इचोडा हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं गाव, आदिलाबादच्या दक्षिणेला. राज्य तेलंगण, पण बाजारात मराठी चालते. वऱ्हाडी वळणाची, मध्येच तेलुगू, खेड्यांत गोंडी. मराठी-कोकणी वाद ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते पाहून जरा बरंच वाटलं.

दिवाळीत तिथले राजगोंड दंडारी करतात. गावोगाव नाचत जायचं. त्यातले मोरपिसांचा टोप घातलेले ते गुस्साडी. मी कॅमेरा नेला होता, पण चार्जर गोव्यात विसरलो! म्हणून बाजारातल्या एका स्टुडिओची पायरी चढलो. मालक साठीचे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी यावर संसार चाललेला. त्यांनी बॅटरी चार्जिंगला लावली आणि काय टिपणार ते विचारलं.

"भाऊ, मीटर फसवते तुमाले," ते म्हणाले. "अंगावर राख पांढरी, तोंडावर टोपाची सावली. मशीन दोघाईचा मेळ घालते अन् चेहरा काळा करते."

उपाय साधा होता. आपला तळवा त्याच सावलीत धरायचा, त्यावर रीडिंग घ्यायचं आणि एक स्टॉप वाढवायचा. कारण मीटर समोरचं सगळं मध्यम करडं समजतं आणि तळवा त्याहून उजळ असतो. शटर एकतीसांशाच्या आसपास ठेवायचं आणि नर्तक क्षणभर थबकला की दाबायचं. चेहरा स्थिर येतो, पिसं मात्र हललेली दिसतात. "अडीचशेवर काढसान तर मोर भुसा भरल्यासारखा दिसते," हे त्यांचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

निघताना म्हणाले, "पण आधी विचारा बरं. त्या दिवसांत तो देवाचा असते. अन् फोटो छापला त एक त्याले नेऊन द्या."

मी मान डोलावली. संध्याकाळी ढोल वाजायला लागले, गुस्साडी रिंगणात आले, आणि मी सगळं विसरून फोटो काढत सुटलो. तळव्याचं लक्षात राहिलं. विचारायचं राहिलं.

कॅलेंडर पाहून मात्र मला माझे हक्क चटकन आठवले. जन्म टिपणं लिहिण्यात गेला, त्यामुळे १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. फोटोचा कर्ता तो काढणारा. हक्कासाठी नोंदणी लागत नाही. पैसे घेऊन, सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणजे स्टुडिओवाल्यांच्या लग्नाच्या अल्बमचे धनी बहुधा लग्नघरवालेच. पूर्वी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं झाली. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपलं नाव मागण्याचा हक्क वेगळाच. मी खूश! कडक पत्राचा मसुदा तयार केला.

तो वाचताना एक प्रश्न पडला. या सगळ्यात त्या नर्तकाचं काय? कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, पण ते ध्वनिमुद्रणाला आणि हलत्या चित्रणाला लागतात. स्थिर फोटोत तो नुसता 'विषय'. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. कॅलेंडरवाल्यांनी मला विचारलं नाही, आणि मी त्याला. दोघांत फरक तो काय?

याच भागात १९४०च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ पत्नी बेटीसह मारलवाईत राहिला. गोंडांचे असंख्य फोटो त्याने काढले, १९४८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा फोटोसंग्रह आज लंडनच्या सोअस संस्थेत आहे. पण तो तिथे राहिला, त्यांच्या जमिनींसाठी आणि शाळांसाठी झटला. म्हणून मारलवाईत त्याची आठवण आजही काढतात. त्याच मारलवाईच्या कनक राजू यांना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. म्हणजे या नाचाला नाव आहे, गाव आहे, माणसंही आहेत. 'आदिवासी नृत्य, बस्तर' एवढ्यावर भागवणं म्हणजे आमच्या शिगम्याच्या फोटोखाली 'लोकनृत्य, केरळ' छापण्यासारखं!

मी मसुदा फाडला. स्टुडिओत फोन केला आणि झालेली चूक सांगितली. ते रागावले नाहीत. फोटो पाठवा म्हणाले. चार दिवसांनी त्यांचाच फोन : माणूस सापडला, शेतकरी आहे, नाव अमुक. "नाव छापू का, ते विचारा," मी म्हटलं. उत्तर आलं : माझं नाव नको, त्या दिवसांत तो मी नसतो. पण गुस्साडी म्हणा, अन् जिल्हा बरोबर लिहा. दोन प्रती द्या, एक मुलीकडे.

म्हणून इथेही त्यांचं नाव दिलेलं नाही.

कॅलेंडरवाल्यांना नवं पत्र गेलं. पहिली मागणी फोटोखालची ओळ दुरुस्त करण्याची, दुसरी माझ्या नावाची. त्यांचं उत्तर अजून नाही. दोन प्रती मोठ्या करून स्पीड पोस्टाने इचोड्याला पाठवल्या, त्या पोचल्याचा फोन मात्र आला.