एक्स्लोच्या चिखलातलं आभाळ

नेदरलँड्सच्या ड्रेन्थे प्रांतात, एक्स्लो गावाबाहेर सायकल थांबवली आणि रेडिओ दुर्बीण शोधू लागलो. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदला हे काम सोपं: 45 मीटर व्यासाच्या तबकड्या शेतांवर डोकं काढून उभ्याच असतात. इथं ओलं गवत, पाण्याचा चर आणि त्याच्या आत एक गोल उंचवटा. या देशाच्या सखल किनारी भागात पूर्वी लोक पुराच्या धाकानं मातीची भर घालून वर घरं बांधत. त्या भरावाला ‘टेर्प’ म्हणतात. हा ‘सुपरटेर्प’.

वर चढलो आणि हसूच आलं. माणसाच्या उंचीचा प्लास्टिकचा नळा, त्याच्या डोक्यावरून चार बाजूंना ताणलेल्या तारा, खाली लोखंडी जाळी. कपडे वाळत घालायला उत्तम! अशा 96 नळ्यांचे सहा संच, हा लोफार दुर्बिणीचा गाभा. तिची बाकीची ठाणी आयर्लंडपासून पोलंडपर्यंत विखुरलेली. हलत काहीच नाही. एका तारेचा संदेश किंचित थोपवून दुसरीच्यात मिळवला, की नजर वळली.

या तारा ऐकतात ती आभाळातली रेडिओ-खरखर. 1932च्या सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचा माग काढत होता. एक खरखर रोज चार मिनिटं आधी येई. म्हणजे ती घड्याळ पाळत होती ताऱ्यांचं, सूर्याचं नव्हे! ती आकाशगंगेची निघाली. चुंबकक्षेत्रात गिरक्या घेत सुसाट धावणारे इलेक्ट्रॉन ती करतात, हे बरंच नंतर कळलं.

पण मी थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीनं. तरुण ताऱ्यांभोवतीचे तप्त वायूचे ढग छायाचित्रांत गुलाबी झळाळतात. एफएमच्याही खालच्या, काही मीटर लांबीच्या लहरींत तेच ढग काळे पडतात, कारण मागून येणारी खरखर ते गिळून टाकतात. आणि हे फार कामाचं. ढग किती दूर आहे ते ठाऊक असेल, तर त्या काळ्या डागावर उरलेली क्षीण खरखर फक्त ढगाच्या अलीकडची. असे डाग जमवत गेलं की कुठल्या अंतरावर किती खरखर आहे, याचा हिशेब लागतो. घराबाहेर पाऊल न टाकता घराची खोली मोजण्यातला प्रकार!

दुपारी दोनला पाऊस आला. मी छत्री उघडली. तारा निथळत आपलं काम करत राहिल्या. त्यांच्या लेखी वर ढगही नव्हते आणि दिवसही नव्हता.