पकड

भिलाईत आमचे घर झाले ते बाबांच्या हातातल्या पान्यामुळे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला करार फेब्रुवारी १९५५ मधला. पहिली झोतभट्टी सुरू झाली ती फेब्रुवारी १९५९ मध्ये. या दोहोंच्या मधल्या वर्षांत माती खणणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बाबा नागपूरहून आले. १९५६ पर्यंत या मुलखाचीही राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आपण परक्या प्रांतात आलो आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. पुढे ते एका ठेकेदाराकडे मिस्त्री झाले आणि १९८४ साली पदविका घेऊन मीही तेथेच उमेदवारी करू लागलो.

ठेकेदाराकडे तारेच्या दोरावर चालणारे एक जुने शॉवेल होते. ते चालवणारे गृहस्थ जवळच्याच खेड्यातले. आम्ही सारे त्यांना कका म्हणत असू. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर शॉवेलचा क्लच एकाएकी पकडू लागला. दांडा अलगद ओढला तरी आधी काहीच घडत नसे, आणि मग भरलेली बादली हिसका देऊन वर उसळे. एकदा तिच्याखालून खलाशी थोडक्यात वाचला. ठेकेदाराने ककांचा हात जड झाला असे ठरवले, त्यांना खाली उतरवले आणि रोजी कापली. "गलती मोर हाथ के नोहे," एवढेच ते म्हणाले.

बाबांनी झाकण उघडले. त्या क्लचमध्ये शाफ्टबरोबर फिरणारा एक पट्टा असतो. दांडा ओढला की तो फुगून ड्रमच्या आतल्या अंगाला टेकतो आणि घर्षणानेच अधिक ताणला जाऊन पकड वाढवतो. माणसाचे श्रम वाचावेत म्हणून केलेली ही योजना. पण म्हणूनच लायनिंगवरचा लहानसा दोषही तिच्यात मोठा होतो. बाबांनी लायनिंगवरून बोट फिरवले. काही ठिकाणी ते काचेसारखे गुळगुळीत होते, तर काही ठिकाणी भाजून चिकट झालेले ग्रीस होते. शेजारच्या बेअरिंगच्या सीलमधून ते बाहेर आले होते.

पावसाळ्यात त्या बेअरिंगला ग्रीस मीच भरत असे. जितके अधिक तितके चांगले, अशी माझी समजूत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिले, बोट चिंधीला पुसले आणि ते काही बोलले नाहीत.

दोन दिवस आम्ही काम केले. ग्रीस प्यालेले लायनिंग धुऊन भरवशाचे होत नाही, म्हणून नवे बसवले. पितळी रिबिटांची डोकी खोल ठोकली, कडा कानशीने उतरत्या केल्या, ड्रम पॉलिशपेपरने घासला, पट्टा आणि ड्रम यांतली फट सगळीकडून सारखी केली. कानशीखालची धूळ बाबा तोंडाने फुंकत. तेव्हाच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुफ्फुसाला घातक असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्या दोन दिवसांत बाबांनी एकदाही विषय काढला नाही. ते बोलले असते तर मी कदाचित कारणे सांगितली असती. दुसऱ्या संध्याकाळी मी ठेकेदाराकडे गेलो आणि ग्रीसची गोष्ट सांगितली. त्याने माझी रोजी कापली व ककांची परत केली. मग मी ककांकडे गेलो. ते झाडाखाली बिडी ओढत बसले होते. ऐकून घेतले, पण उत्तर दिले नाही.

सकाळी ते शॉवेलवर चढले. नवे लायनिंग बसेपर्यंत रिकामी बादलीच खाली-वर करायची होती. थोड्या वेळाने त्यांनी मला वर बोलावले, माझा हात दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. "धीरे," ते म्हणाले. दांडा इंचभर सरकला, दोर ताणला गेला, आणि बादली जमिनीवरून कधी सुटली ते कळलेही नाही.