पेत्राचा हात आणि आमचा घोटा



मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दाराशी बसणारा जन्मपांगळा माणूस आपल्याला ठाऊक आहे (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ३). पेत्राने उजवा हात धरून त्याला उठवले. हे सांगताना संत लूक नुसते पाय म्हणत नाही, घोट्यांचाही वेगळा उल्लेख करतो. वैद्याचीच नजर ती! हल्ली आम्ही या एका शब्दापाशी थांबतो.

बेळगावच्या पावसात चर्चच्या ओल्या पायरीवर आमचा उजवा पाय मुरगळला. सूज उतरली, दुखणे गेले, पण घोटा भरवशाचा राहिला नाही. सपाट रस्त्यावरही मधूनच लचकायचा. उपवासकाळ जवळ आला. क्रूसाच्या वाटेला क्रूस धरण्याची पाळी आमची होती. चौदा स्थानांपैकी कुठे पाय दगा देईल, हीच धास्ती.

फिजिओथेरपीच्या ताईंनी कारण समजावले. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट हाडांना बांधून ठेवतात, तसेच पाय किती कलला आहे याची खबरही त्यांच्यातून मेंदूला जाते. पाय मुरगळला की ही खबर बिघडते आणि पाय कलंडू लागला तरी स्नायू वेळेवर सावरत नाहीत. म्हणून नुसती ताकद वाढवून भागत नाही. ती जाणीव पुन्हा शिकवावी लागते. १९६५ साली ब्रिटनमध्ये डॉ. फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडले आणि तोल सांभाळण्याच्या सरावावर भर दिला.

सराव साधाच. भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहायचे. ते जमले की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या घोंगडीवर, शेवटी डगमगत्या फळीवर. डोळे मिटल्यावर पहिल्या दिवशी आम्ही पाच सेकंदही टिकलो नाही. पाय सारखा थरथरत होता. ताई म्हणाल्या, “थरथरू द्या, तो शिकतोय. फक्त भिंत हाताशी असू द्या.”

तोल म्हणजे न हलणे नव्हे, क्षणोक्षणी सावरणे. विश्वासाचेही तसेच आहे. घरात मृत्यू होतो, कुणाच्या शब्दाने मन दुखावते आणि एखादे माणूस मिस्साला यायचे थांबते. मग एका रविवारी ते शेवटच्या बाकावर येऊन बसते. लगेच आपण म्हणतो, “आता झाले ना सगळे ठीक? वाचनाला उभे राहा.” पण दुखणे थांबले म्हणजे तोल आला असे नाही. त्याला थोडे डगमगू द्यावे आणि आपण भिंतीसारखे जवळ असावे.

तो पांगळा चाळिशी ओलांडलेला होता, जन्मात कधी उभा राहिला नव्हता. बरा होऊन तो उड्या मारत मंदिरात गेला. तरीही पुढे तो पेत्र व योहान यांना बिलगून होता, असे लूक सांगतो. बरे झालेल्यानेही हात धरून ठेवावा, यात कमीपणा कसला?

त्या उपवासकाळात क्रूस आम्ही धरला. दुसरे टोक धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाच्या खांद्यावर होते. चौदाही स्थाने पार पडली. आजही रोज दात घासताना आम्ही एका पायावर उभे राहतो. सराव संपलेला नाही.

प्रभू येशू, आमची पावले थरथरतील तेव्हा तुझा हात आम्हांला लाभू दे आणि थरथरणाऱ्या आमच्या भावंडांना आमचा. आमेन.