आमचे अंगण

कल्याणहून कर्जतकडे निघाले की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. त्याच्या पुढे उल्हासनगर. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली आणि हळूहळू या भागातील लोकांचे जीवन गाडीच्या वेळेला बांधले गेले. मुंबईत कामाला जाणारा माणूस पहाटे उठतो आणि धावतपळत स्थानक गाठतो.

ही गोष्ट २००३ सालची आहे. तेव्हा मी नववीत होतो. आमचे बैठे घर विठ्ठलवाडी स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते. घरापुढे लहानसे अंगण होते. अंगणात शेवग्याचे एक झाड, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालण्याची दोरी. लाकडी फाटक एका पावसाळ्यात मोडले होते. ते दुरुस्त करायचे राहून गेले.

एके दिवशी सकाळी शेवग्याखाली एक स्कूटर उभी दिसली. आजी म्हणाली, ‘‘शेजारी कुणी पाहुणा आला असेल.’’ संध्याकाळी एक गृहस्थ आले, त्यांनी स्कूटर सुरू केली आणि आमच्याकडे न पाहता निघून गेले. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आल्या. महिन्याभरात आठ-नऊ गाड्या रोज येऊ लागल्या. स्थानकाजवळच्या वाहनतळावर पैसे द्यावे लागत. आमच्या अंगणात ते लागत नव्हते!

कुणी विचारत नसे. उलट एकजण आईला म्हणाला, ‘‘काकू, गाडीकडे जरा लक्ष ठेवा हं!’’ दुसऱ्याने तर कमालच केली. ओल्या कपड्यांचे पाणी सीटवर पडते, म्हणून दोरी दुसरीकडे बांधा, असे त्याने सुचवले. आई रागावली. बाबा मात्र म्हणाले, ‘‘जाऊ दे. गाडी चुकली तर बिचाऱ्यांचा पगार कापला जातो.’’

जुलै महिना होता. सकाळचे दहा वाजले होते. आजीला दम्याचा जोराचा झटका आला. तिला श्वास घेता येईना. आईने मला रिक्षा आणायला पिटाळले. रिक्षा आली, पण अंगणात शिरेना. आत नऊ गाड्या उभ्या होत्या. एक मोटारसायकल तर फाटकाच्या जागेतच आडवी लावलेली होती आणि तिच्या हँडलला कुलूप होते.

बाबांनी आजीला खुर्चीवर बसवले. शेजारचे चाचा धावत आले. आम्ही तिघांनी खुर्ची उचलली, पण गाड्यांमधून ती जाईना. खुर्ची खाली ठेवून आधी दोन गाड्या उचलून बाजूला केल्या. तोपर्यंत दहा मिनिटे गेली. आजीचे ओठ निळे पडू लागले होते. ती काही बोलत नव्हती, फक्त माझा हात घट्ट धरून होती.

डॉक्टरांनी तिला लगेच प्राणवायू दिला. ते म्हणाले, ‘‘अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होते.’’

दुपारी मी घरी परतलो. त्या गाड्या तशाच उभ्या होत्या. माझे डोके भडकले. मी एक मोठा खिळा घेतला आणि मोटारसायकलच्या चाकापाशी बसलो. इतक्यात चाचांनी मागून माझा हात धरला. ते म्हणाले, ‘‘बेटा, आत्ता चूक त्याची आहे. खिळा मारलास की ती तुझी होईल.’’ मी खिळा टाकून दिला, पण मला रडू आवरेना.

संध्याकाळी बाबा तीच खुर्ची घेऊन फाटकात बसले. गाडी न्यायला जो येई, त्याला ते शांतपणे सकाळची हकीकत सांगत. बहुतेकांनी मान खाली घातली. काहींनी माफी मागितली. एकजण मात्र म्हणाला, ‘‘जागा रिकामी होती. इथे पाटी कुठे होती?’’

बाबा म्हणाले, ‘‘पाटी नव्हती, पण घर होते ना?’’

त्यावर तो काही बोलला नाही.

सर्वांत शेवटी मोटारसायकलवाला तरुण आला. हकीकत ऐकून तो उभाच राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘काका, आजी आता कशा आहेत?’’ तो मलंगगडाकडच्या एका गावातून येत असे. पहाटे त्याला बस मिळत नव्हती. बाबांनी थोडा विचार केला आणि ते म्हणाले, ‘‘तू भिंतीलगत गाडी लाव. पण किल्ली आमच्याकडे ठेवून जा. आणि जे आज विचारलेस, ते पहिल्याच दिवशी दारावर येऊन विचारायला हवे होते.’’

दुसऱ्या दिवशी बाबा वाहतूक पोलिसांना भेटले. हवालदारांनी समजावून सांगितले, ‘‘सार्वजनिक रस्त्यावरची गाडी आम्ही उचलू शकतो. अंगण तुमचे, म्हणून त्याचे फाटक तुम्हीच सांभाळा. पण बाहेरून कुणी फाटक अडवले तर आम्हाला कळवा.’’ घराचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करू नये, असे रस्त्याच्या १९८९ च्या नियमांतच लिहिले होते. ही मनाई आजही आहे.

रविवारी आम्ही नवे फाटक बसवले. तो तरुणही मदतीला आला. बाबांनी पाटी रंगवली : ‘खाजगी जागा. वाहन लावण्यापूर्वी विचारावे.’ आजी घरी आली, तेव्हा तिची रिक्षा थेट पायरीपर्यंत गेली. पाटी वाचून ती हसली आणि म्हणाली, ‘‘‘लावू नये’ असे नाही लिहिलेस, हे बरे केलेस.’’

आता तिथे इमारत उभी आहे. त्याच इमारतीत आम्ही राहतो. शेवगा गेला, गाड्या मात्र कितीतरी वाढल्या. इमारतीच्या आवारातही कधी कधी अनोळखी गाडी उभी असते. मी चाकातली हवा सोडत नाही. गाडीवर चिठ्ठी लावतो आणि मालकाची वाट पाहतो.

मी स्वतः गाडी घेऊन परगावी जातो, तेव्हा एखादी मोकळी जागा पाहून बरे वाटते. पण गाडी थांबवण्याआधी मी त्या जागेचे दार शोधतो. दार सापडले की कडी वाजवतो आणि विचारतो. कधी ‘हो’ मिळते, कधी ‘नाही’. ‘नाही’ म्हटले तर मी पुढे जातो. त्या दाराच्या आत कुणाची आजी असेल, हे बाहेरून दिसत नाही.