पूर्वपक्ष सुरतेचा

आमच्या घरची सुरतेतील ही तिसरी पिढी. आजोबा खानदेशातून उधन्याला मागावर कामाला आले. वडील हजीऱ्याच्या कारखान्यात लागले आणि आता मीही तिथेच. घरात मराठी, दारात गुजराती, असे सारे सुखाने चालले आहे. एकच विषय आम्ही शेजाऱ्यांपुढे काढत नाही आणि तेही सौजन्याने काढत नाहीत. तो म्हणजे १६६४ साल.

सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी तो काढला. शिवाजी महाराजांनी सुरत लुटलीच नव्हती, असे देवेंद्र फडणवीस म्हणाले आणि विरोधक तुटून पडले. टीव्हीवरून तो वाद आमच्या वसाहतीत पोचला. शाळेच्या बसमध्ये आमच्या आठवीतल्या मुलीला तिच्या गुजराती मैत्रिणीने सरळ विचारले, "तुमच्या राजाने आमचे गाव लुटले, ते बरोबर होते का?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती. मुलीला महाराजांचे कौतुक पाठ होते, पण कौतुक म्हणजे उत्तर नव्हे.

वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी आम्ही एआय वापरतच होतो. शाळेत मोबाईल असावा की नसावा, असले बिनधोक विषय. मी शेजारी बसतो, मुलगी बोलते. या वेळी तिने त्याला बजावले, "तू १६६४ मधला सुरतेचा व्यापारी आहेस. माझ्याशी भांड."

पहिल्या दिवशी भांडण काही जमले नाही. तिने दोन वाक्ये बोलावीत आणि व्यापाऱ्याने "आपले म्हणणे योग्यच आहे" म्हणून मान डोलवावी! ही यंत्रे समोरच्याला खूश ठेवायला शिकलेली असतात. "मान्य करायचे नाही" असे तिने दटावले, तेव्हा कुठे व्यापारी जागा झाला.

मग मात्र त्याने घाम काढला. पुण्यात तीन वर्षे तळ ठोकून मुलूख उद्ध्वस्त केला तो शाहिस्तेखानाने. त्याचा राग वीरजी व्होराच्या वखारीवर का? तो तर जैन सावकार. मुलीने उत्तर दिले, की सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर, लष्कर पोसले जायचे ते याच पैशावर. शिवाय महाराजांनी आधी निरोप पाठवून खंडणीची बोलणी करायला बोलावले होते. सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला, तर दोष कोणाचा? इंग्रजांनी आपल्या सुवालीला नांगरलेल्या जहाजांवरून खलाशी बोलावून स्वतःची वखार राखलीच ना? (सुवालीचा किनारा आमच्या मुलांना सहलीचा म्हणून माहीत, त्यालाही इतिहास आहे हे मला या निमित्ताने सांगता आले.)

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वीरजी व्होरा त्या हल्ल्यात मारला गेला. दुसरी, महाराजांच्या छावणीत कैद असलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाने कैद्यांचे हात आणि शिरे तोडलेली पाहिली. मुलगी रडकुंडीला आली. "हे खोटे बोलते आहे, बंद करा," म्हणाली.

बंद केले नाही. जदुनाथ सरकारांचे शिवचरित्र काढले. वीरजीचे मरण खोटे निघाले. त्यानंतरच्या वर्षांतही त्याचे नाव इंग्रजांच्या कागदपत्रांत येते. स्मिथची हकीकत मात्र खरी निघाली. आणि तिथेच हेही सापडले, की इनायतखानाने बोलणीच्या मिषाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर घेऊन झडप घातली होती. वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येईल, हे ठरवत हे यंत्र बोलते. त्यामुळे खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच सफाईने येते. आवाजावरून ओळखता येत नाही. आणि ऐकायला नको वाटते तेच खोटे, असाही नियम नाही. मुलीने वहीत दोन रकाने आखले, 'सापडले' आणि 'सापडले नाही'. मला तर ती वहीच या सगळ्या खटाटोपाची कमाई वाटते.

आपल्याकडे न्यायशास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती. समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोमाने मांडायचे, मग खोडायचे. घरात सगळेच एका बाजूचे असतील तर पूर्वपक्ष कोण करणार? ते काम यंत्र बरे करते. विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते, की स्पर्धेतही बाजू चिठ्ठी टाकून द्यावी.

पण त्याला स्वतःचे काही गमावायचे नसते. २०१९ मध्ये सान फ्रान्सिस्कोत आयबीएमचे वाद घालणारे यंत्र हरीश नटराजन या नामांकित वादपटूसमोर उभे केले होते. माहिती यंत्राने जास्त दिली असे बहुतेक श्रोते म्हणाले, पण श्रोत्यांची मते वळवली नटराजननी.

बसमधल्या मैत्रिणीला मुलीने सगळे सांगितले, तोडलेल्या हातांसकट. इनायतखान लपला होता हे त्या मुलीला ठाऊकच नव्हते. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. यंत्र असे कधी गप्प होत नाही. मग म्हणाली, "बरं, पण मग १६७० मध्ये परत कशाला आले?"

वहीत सध्या हा प्रश्न आहे, दोन्ही रकाने कोरे आहेत. रविवारी दोघी तापीकाठचा किल्ला पाहायला जाणार आहेत. गाडी मला चालवायची आहे.