आजीचा चष्मा, दुधीची फुलं आणि संध्याकाळची फवारणी



आजची नोंद थोडी वेगळी आहे. सुरुवात कॅमेऱ्याच्या भिंगाने होणार आहे, पण शेवट दुधीच्या मांडवातच आहे. तेवढा धीर धरा.

आमच्या मनोरीत खाडीपलीकडच्या वाडीत माझा दुधीचा छोटा मांडव आहे. गेल्या उन्हाळी हंगामात वेल जोमदार, पानं हिरवीगार, फुलं भरपूर. पण फळ धरेना. बोटाएवढी कळी यायची, दोन-तीन दिवसांत पिवळी पडायची आणि गळायची. आधी वाटलं, फळमाशी. गळलेल्या कळ्या ब्लेडने उभ्या चिरून पाहिल्या. काहींत अळी होती, पण बहुतेक स्वच्छ निघाल्या. म्हणजे डंख नव्हता, परागीभवनच झालं नव्हतं.

आता गंमत बघा. आपल्याला सगळे सांगतात, फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या वाचतात. सल्ला योग्य आहे. काकडी, कारली, भोपळा यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, तिथे तो लागू पडतो. पण दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर उघडं राहतं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे निशाचर पतंग, मुख्यतः हॉक मॉथ. मग मी संध्याकाळी सहाला पंप पाठीला लावून नेमकं काय करत होतो? दुकान उघडायच्या वेळी दारात विष शिंपडत होतो की काय, ही शंका मनात बसली.

शंका आली म्हणून ती खरी ठरत नाही, बघायला पाहिजे. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि सव्वासातनंतर मांडवाखाली काही दिसत नाही. टॉर्च लावला तर पतंग फूल सोडून उजेडाकडे येतात, मग जे दिसतं ते नेहमीचं वागणं नसतं. भाच्याने त्याचा जुना सोनीचा कॅमेरा आणून दिला. बरोबरच्या लेन्सने चित्रीकरण केलं तर नुसते दाणे, जशी काळ्या घोंगडीवर रवा सांडलाय.

भाचा म्हणाला, "मामा, लेन्स स्लो आहे. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त." ही लेन्स त्या झूमला साधारण एफ ५ची. घरात वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची निकॉनची ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स पडून होती. रिंग लावून ती बसवली. उजेड साडेसात पटीहून जास्त वाढला, पण दोन अडचणी राहिल्या. एक, अजून थोडा उजेड हवा होता. दुसरी, चित्र फार अरुंद. जुनी लेन्स ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मसाठी बनवलेली, या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद. लेन्सने टाकलेलं बरंचसं चित्र सेन्सरच्या बाहेर वाया जातं. एका फुलावर कॅमेरा रोखावा, तर पतंग शेजारच्या फुलावर.

यावरचा उपाय म्हणजे फोकल रिड्यूसर. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. मोटारीचं पाणी तेवढंच आहे, पण एक गुंठ्याऐवजी अर्ध्या गुंठ्याच्या वाफ्यात सोडलं तर पाणी दुप्पट उभं राहतं. तसंच लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक फुगीर भिंग बसवलं की तोच उजेड लहान जागेत गोळा होतो. चित्र ०.७१ पट झालं की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि उजळपणा दुप्पट. नवा उजेड तयार होत नाही, वाया जाणारा वाफ्यात येतो. वर चित्रात जास्त भाग मावतो.

२०१३ साली मेटाबोन्स कंपनीने याच मापाचा 'स्पीड बूस्टर' बाजारात आणला. त्यामागचं भिंगांचं गणित अमेरिकेतल्या ब्रायन काल्डवेल यांचं. तेव्हापासून ही गोष्ट कॅमेरावाल्यांत गाजली, पण दुर्बीणवाले ती त्याआधीपासून वापरतात. आपल्या जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण आहे, २००६पासून. तिच्यावरच्या कॅमेऱ्यात हीच युक्ती आहे. दुर्बिणीतून येणारा एफ १०चा झोत मधल्या भिंगांनी एफ ४.५ होतो, म्हणजे एका ठिपक्यावर जवळपास पाचपट उजेड. टोमॅटोच्या पट्ट्याच्या डोक्यावर बसून ते लोक याच तत्त्वाने अंधुक तारे टिपतात. मग आपण पतंग का टिपू नये?

विकतचा रिड्यूसर एका दुधीच्या मांडवासाठी परवडणारा नव्हता. लागतं ते साधारण १०० मिलिमीटरवर उजेड एकत्र आणणारं भिंग. आणि ते घरात होतं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. तो साधारण अधिक दहाच्या आसपासचा असायचा, आजीचा नेमका दहाचा. हजाराला दहाने भागा, आले १०० मिलिमीटर.

आईला विचारलं तर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "एकच काच काढ. दुसरी फ्रेममध्ये राहू दे." तसंच केलं. मार्व्याची बोट पकडून मालाडला गेलो. चष्मेवाल्याने काच घासून ३४ मिलिमीटर गोल करून दिली. काय करणार सांगितल्यावर त्याने पैसेच घेतले नाहीत.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी मापं देतो. निकॉनच्या लेन्सचं चित्र तिच्या बुडापासून ४६.५ मिलिमीटरवर पडतं, सोनीचा सेन्सर त्याच्या तोंडापासून १८वर असतो, म्हणून मधली रिंग २८.५ची. भिंग मूळ चित्राच्या ४० मिलिमीटर अलीकडे बसवायचं. १०० भागिले १४०, आले ०.७१. आता चित्र ४०ऐवजी २८.६वर पडतं, म्हणून रिंग ११.४ मिलिमीटरने आखूड करावी लागते.

मी पहिल्यांदा तिथेच चुकलो. रिंग न कापता भिंग बसवलं आणि वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लेथवाल्याकडून रिंग कापून घेतली. हे कागदावरचं माप आहे. भिंग जाड असल्याने शेवटचा मिलिमीटर घासत घासत, दूरच्या माडाचा शेंडा स्पष्ट दिसेपर्यंत जुळवला. भिंग घट्ट बसवा, निसटलं तर सेन्सरवर आदळेल. लेन्सच्या मागे छिद्राची छोटी कडी असते, ती भिंगाला टेकत नाही ना तेही बघा.

आता ५० मिलिमीटरची लेन्स ३६ची झाली आणि एफ १.८ची जवळपास १.३. कागदावर पहिल्या लेन्सच्या पंधरा पट उजेड. चित्र काही सुंदर येत नाही. कडा पसरट, पांढऱ्या फुलाभोवती जांभळी झालर, कारण चष्म्याची एकच काच सगळे रंग एका जागी आणू शकत नाही. पण मला प्रदर्शन भरवायचं नव्हतं. मधली तीन फुलं दिसत होती, तेवढं पुरे.

पहिले तीन दिवस फवारणी बंद ठेवली. तिन्ही संध्याकाळी सव्वासात ते साडेआठमध्ये पतंग आले. फुलासमोर हवेत एका जागी थांबतात, लांब सोंड आत घालतात, पुढच्या फुलावर. पंख धुरासारखे दिसतात, पण अंग ओळखू येतं. मग नेहमीसारखी सहाला फवारणी केली. त्या रात्री एकही नाही. दुसऱ्या रात्री एक. पुन्हा चार दिवस थांबलो, परत यायला लागले. पुन्हा फवारलं, परत शुकशुकाट.

मान्य, हा एका मांडवाचा अनुभव आहे. त्यातल्या एका रात्री वाराही होता. कृषी शास्त्रज्ञ मित्र म्हणतील, याला प्रयोग म्हणत नाहीत. बरोबर आहे. पण माझं वागणं बदलायला एवढं मला पुरलं.

आता मी काय करतो? दुधी आणि दोडका यांवर संध्याकाळची फवारणी बंद, कारण दोडक्याचं फूलही संध्याकाळीच उमलतं. गरज असेल तेव्हाच, आदल्या रात्रीची फुलं कोमेजल्यावर, दुसऱ्या दिवशी फवारतो. आणि तेही मांडवाजवळ काकडी फुलात नसेल तर. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे सापळे लावलेत, त्यामुळे औषधच कमी लागतं. शिवाय संध्याकाळी फेरी मारताना नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवतो. अर्ध्या तासाचं काम आहे. हंगामाच्या उत्तरार्धात फळ धरलं. किती पतंगाने आणि किती माझ्या हाताने, ते वेगळं सांगता येणार नाही.

एक विसरू नका. या पतंगांच्या कुळातल्या काहींच्या अळ्या रताळ्याचा आणि तिळाचा पाला खातात. म्हणजे एका पिकाचा मित्र तोच दुसऱ्याचा शत्रू. सरसकट मारा किंवा सरसकट जपा, असं शेतीत चालत नाही.

शेवटी एवढंच. तुमच्या पिकाचं फूल कधी उमलतं, ते एकदा स्वतः उभं राहून बघा. त्याला कॅमेरा लागत नाही. फवारणीची वेळ त्यानंतर ठरवा.

आईला मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. तिने दोनदा बघितला. आजीच्या फ्रेममधली दुसरी काच अजून कपाटात आहे. भाचा म्हणतो, त्याच्याकडे अजून एक रिंग आहे. मी म्हटलं, ती काच राहू दे.