भोसले, भोंसले, भोसला : एका आडनावाची लेखनचिकित्सा

आडनावांच्या अभ्यासकाकडे नागपूरच्या धरमपेठेतून जे प्रश्न येतात, त्यांत 'भोसले हे आडनाव बरोबर कसे लिहायचे' हा सर्वांत चिवट असून त्यामागे जिज्ञासेपेक्षा पासपोर्ट, वारसाहक्क किंवा लग्नपत्रिका असण्याचाच संभव अधिक असतो. प्रस्तुत अंकाच्या संपादकांनी 'सामान्य वाचकाला कळेल असे' लिहिण्याची अट घातली आहे. परंतु अनुस्वार आणि अन्त्य स्वर वगळून या आडनावाविषयी काहीही सांगता येत नाही, तेव्हा वाचकांनी थोडे सोसावे.

नागपूरचे भोसले हे हिंगणीकर शाखेचे. या शाखेतील रघूजी पहिले यांना छत्रपती शाहूंकडून सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. त्यांची फौज १७४१ मध्ये त्रिचनापल्लीत होती, आणि बंगालवरील स्वाऱ्यांचा शेवट १७५१ मध्ये अलीवर्दी खानाने बारा लाखांची चौथाई मान्य करण्यात झाला. ज्या घराण्याचा व्यवहार एवढ्या मुलखाशी असतो, त्याचे आडनाव घराण्याच्या हातून थोडे आणि परक्या कारकुनांच्या हातून फार लिहिले जाते. मराठी दप्तरातला कारकून ते मोडीत लिही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि अनुस्वार तर लेखणीच्या वेगात सहज गळत असे. फारसी मुन्शी नाकातला स्वर 'नून' या अक्षराने नोंदवी, म्हणून त्याच्याकडे 'भोंसला'. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत 'भूंस्ला' येतो. शिवाय १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाच्या काळात इंग्रज दुसऱ्या रघूजींना सर्रास 'बेरारचा राजा' म्हणत, म्हणजे आडनावाची अडचणच मिटली. ग्रँट डफने मराठ्यांच्या १८२६ च्या इतिहासात 'भोन्स्ले' पसंत केले. भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेच्या तंजावरला तमिळ लिपीत प, ब आणि भ यांना एकच अक्षर असल्यामुळे तेथे आणखी निराळा प्रकार.

यातून जो वाद पिकला आहे तो अनुस्वाराचा. 'न' असलेले भोसले राजघराण्याचे आणि 'न' नसलेले साधे, अशी समजूत नागपुरात शिकल्यासवरल्या मंडळींतही पक्की आहे, आणि ती खोडून काढता काढता अभ्यासक थकतो. वस्तुतः हा 'न' वंशाचा पुरावा होऊ शकत नाही. जुन्या मराठी मुद्रणात उच्चारात नसलेले अनुस्वारही छापले जात, ज्यांना व्याकरणात अनुच्चारित अनुस्वार म्हणतात. म्हणूनच बखरीचे नाव 'नागपूरकर भोंसल्यांची बखर' असे छापलेले दिसते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले आणि 'भोसले' हे रूप स्थिर झाले. हिंदीने मात्र तो ठेवला. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची, त्याआधी मध्यप्रांताची राजधानी होते व कारभारात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा वावरत होत्या. तेव्हा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक रूप आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरे, यात गूढ काही नाही.

'भोसला' या रूपाला हिंदीचा अपभ्रंश म्हणून हिणवण्याची जी रीत आहे, तीही अज्ञानाची. मराठीतील पुष्कळ एकारान्त आडनावे मुळात आदरार्थी अनेकवचने आहेत : एकवचन भोसला, अनेकवचन भोसले, आणि विभक्तिप्रत्यय लागताना भोसल्यांचा. फारसीने एकवचन उचलले, मराठीने अनेकवचन. नागपूरच्या भोसला वेदशास्त्र महाविद्यालयाने किंवा डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला स्थापिलेल्या भोसला मिलिटरी स्कूलने जे रूप धारण केले, ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

रोमन लिपीतला घोळ याहून क्षुल्लक, पण त्रास सर्वांत अधिक. 'स' मधला अकार उच्चारात लोप पावतो. कानावर भरवसा ठेवणारा लेखनिक तो गाळतो आणि अक्षरागणिक लिप्यंतर करणारा मध्ये 'ए' हे अक्षर घालतो. आशा भोसले यांचे (जन्माने मंगेशकर) आडनाव रोमनमध्ये बहुधा या 'ए'वाचून छापले जाते, १९८२ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बाबासाहेब भोसले यांचे त्यासह, तर आझाद हिंद सेनेतील जगन्नाथराव भोसले यांच्या आडनावात 'एन' येतो.

हे मराठीचेच दुर्दैव आहे असे मानण्याचे कारण नाही. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांच्या आडनावातील एका 'च'साठी फ्रेंच तीन अक्षरे खर्चतात आणि जर्मन चार. पोलिश कुटुंबात पती कोवाल्स्की तर पत्नी कोवाल्स्का असते, कारण तेथे आडनावाला लिंग आहे. असे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून पुढील काही वर्षे वळिवड्यास राहिले, तेही भोसल्यांच्याच कोल्हापूर संस्थानात.

व्युत्पत्तीविषयी येथे विस्तार नको. परमानंदाच्या शिवभारतातील 'भृशबल' हे संस्कृतीकरण आहे, मूळ नव्हे. सिसोदियांशी जोडणारी परंपरा आणि रा. चिं. ढेरे यांनी मांडलेला होयसळांचा संबंध, यांपैकी दुसऱ्याचा युक्तिवाद अधिक दमदार असला तरी निर्णायक पुरावा अद्याप दोहोंपैकी कोणाच्याही पदरी नाही.

अलीकडे एका घराच्या वाटणीत हे सारे प्रकरण सविस्तर उभे राहिले. वडिलांच्या खरेदीखतावर अकार नाही, मुलीच्या पदवीपत्रावर तो आहे, आणि आत्याच्या जुन्या दाखल्यावर 'एन' आहे. संबंधित कार्यालयाने 'अचूक स्पेलिंग' प्रमाणित करणारे तज्ज्ञाचे पत्र मागितले. तिन्ही लेखने एकाच आडनावाची आहेत असे तज्ज्ञ लिहून देऊ शकतो व त्याने ते दिलेही. परंतु तीनपैकी दोन चुकीची आहेत असे लिहून देण्यास त्याच्याकडे कोणताही शास्त्रीय आधार नव्हता, आणि नेमके तेवढेच वाक्य कार्यालयाला हवे होते. अखेर मुलीने प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नावबदल छापून घेतला, म्हणजे न बदललेले आडनाव बदलल्याची अधिकृत नोंद झाली. आत्याचा अर्ज अजून त्याच टेबलावर आहे.